जुन्या घरात पाणी तापवायला हीट पंप परवडेल का?

जुळेसोलापूरची:
नमस्कार मंडळी. घर जुळे सोलापुरात, सासऱ्यांनी १९९४ साली बांधलेलं. तळमजला आणि वर एक मजला, तीन बाथरूम, तीन गीझर. गच्चीवर २०० लिटरचा सोलर बंब होता, पण आमच्या बोअरच्या पाण्याने त्याच्या काचेच्या नळ्या आतून पांढऱ्या होऊन एकेक फुटत गेल्या. शेवटी तो काढून ३ किलोवॉटचे वीज बनवणारे पॅनल बसवले. त्याची ७८,००० सबसिडी मिळाली. आता गच्चीवर बंबाला जागा उरली आहे ती फक्त सावलीत.

गीझरचंही तेच. परवा मेकॅनिकने एकाची कॉइल बाहेर काढली तर कॉइल दिसेचना, नुसता अंगठ्याएवढा जाड पांढरा थर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकला तेव्हा खपल्या फरशीवर पडल्या आणि आतून कॉइल निघाली, तीही फुगून फाटलेली.

मिस्टरांचा भाचा लेस्टरला असतो. त्याने हीट पंप बसवलाय, सगळं घर त्यावरच गरम राहतं म्हणतो, वर तिथल्या सरकारने साडेसात हजार पौंड दिले. म्हणून चौकशी केली. इथल्या एका डीलरने २०० लिटरच्या मशीनचे सगळं धरून १ लाख ३० हजार सांगितले आणि "बिल पाऊण कमी होईल" म्हणाला. घरात आम्ही सहा माणसं, सगळे बादलीने आंघोळ करणारे. जुन्या घरात फोडाफोडी किती करावी लागते? आणि ह्या मशीनमधून गार हवा येते म्हणे, तर मे महिन्यात एखादी खोली तरी गार होईल का?

होटगीरोड:
सोलापूरच्या उन्हात राहून पाणी तापवायला वीज? दोन पॅनल सरकवा, बंबाची जागा करा. क्षाराच्या पाण्याला काचेच्या नळ्यांचा घ्यायचाच नसतो. तांब्याच्या प्लेटचा, हीट एक्स्चेंजरवाला मिळतो. त्यात प्लेटमधून चांगलं पाणी फिरत राहतं आणि बोअरचं पाणी वेगळं राहतं. हीट पंपाच्या निम्म्याहून कमी पैशांत काम होईल.

कॉम्प्रेसरवाला:
ताई, मी एसी-फ्रिजचं काम करतो. हीट पंपही बसवतो. लॉजला, हॉस्टेलला, एका दवाखान्याला बसवलेत. "घ्या" म्हणालो तर माझाच धंदा आहे. तरी तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून माझं मत, घेऊ नका.

मशीन खोटं नाही. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, हे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतं. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवायला. १ युनिट विजेत पाण्याला ३ ते ४ युनिटांची उष्णता मिळते, आणि बाहेर हवा जितकी गरम तितकं मशीनला सोपं जातं. आपल्याकडं जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतही दुपारी तीसच्या आसपास असतं. टायमर लावून भर दुपारी चालवायचं, टाकीतलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम राहतं. तेव्हा डीलरचं "पाऊण कमी" खोटं नाही. फक्त ते पाणी तापवायच्या विजेपुरतं आहे, आख्ख्या बिलाचं नाही.

आता तुमचा हिशोब. माणशी २० लिटरची एक बादली. थंडीत नळाचं पाणी २२ अंश धरा, अंगावर घ्यायला ४२. एका बादलीला अर्ध्या युनिटाच्या आत वीज लागते. सहा जणांचे तीनच्या आत, हीट पंपावर एकच्या आत. वाचले दोन युनिट. सगळे आकार मिळून १० रुपये युनिट धरलं तर दिवसाला वीस रुपये. थंडीचे चार महिने मिळून अडीच हजारसुद्धा होत नाहीत. उन्हाळ्यात तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलंच पाणी अंगावर घेववत नाही. सव्वा लाख कधी फिटायचे ओ?

गार हवेचं म्हणाल तर येते, पण पाणी तापतंय तेवढा वेळच, म्हणजे दोन-अडीच तास. तेवढ्यानं घर गार होत नाही. मशीनच खोलीत ठेवायचं तर बंद खोलीतली हवा गार होत जाते आणि मशीन रडतं. त्याला मोकळी जागाच पाहिजे. मशीनच्या पाटीवर हवेच्या तापमानाची वरची मर्यादा लिहिलेली असते. बऱ्याच ठिकाणी ४३ दिसते. आपला पारा मे महिन्यात तिथंच खेळतो, पश्चिमेच्या भिंतीला तर जास्तच. मर्यादा ओलांडली की मशीन आपोआप थांबतं. दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी ती पाटी वाचत जावी, एवढीच विनंती.

फक्त एक कळलं नाही. बादलीनं आंघोळ करणाऱ्या सहा माणसांना तीन गीझर कशाला?

शेंगाचटणी_लीड्स:
मूळचा साखर पेठेतला, सध्या लीड्समध्ये. भाच्याचं बरोबर आहे, पण त्याची आणि तुमची गोष्ट वेगळी. इथे पाणी तापवणं हे हीट पंपाचं जोडकाम, मुख्य काम घर गरम ठेवणं. जुना गॅस बॉयलर रेडिएटरमध्ये ६५-७० अंशांचं पाणी सोडायचा. हीट पंप ४५-५० ला चांगला चालतो, त्याच्या वर नेला की वीज खातो. मग तेवढ्या कोमट पाण्यावर खोली गरम राहायची तर रेडिएटर मोठे लागतात आणि घरातली ऊब बाहेर जाता कामा नये. आम्ही आधी माळ्यावर जाड इन्सुलेशन घातलं, दोन खोल्यांचे रेडिएटर बदलले, मग मशीन आलं. जुन्या बॉयलरला साठवणीची टाकी नव्हती, तर टाकीसाठी कपड्यांचं कपाट गेलं. बायको अजून त्यावर बोलते!

साडेसात हजार पौंडांची मदत इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळते. ती असूनही बिलात फार फरक पडेल ह्या भ्रमात राहू नये, कारण इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या साधारण चौपट महाग आहे. तुमच्याकडे ही भानगडच नाही. तुमचं घर तर ऊब बाहेर काढायलाच धडपडतंय.

जुळेसोलापूरची:
गीझर तीन आहेत कारण वरचा मजला भाड्याने दिलाय. नर्सिंगच्या आठ मुली राहतात, वरचे दोन गीझर त्यांचेच. लाइट बिल भाड्यातच धरलेलं आहे. त्यांची बादलीवर भागत नाही, केस धुवायचे, युनिफॉर्म गरम पाण्यात भिजवायचे. पहाटे पाचपासून साडेसातपर्यंत दोन्ही बाथरूम चालू, आणि गीझर तर कधी बंदच होत नाही. पॅनल असूनही पावसाळ्या-हिवाळ्यात भरावं लागतं ते त्यामुळेच.

कॉम्प्रेसरवाला:
मग सगळा हिशोबच बदलला की ओ ताई!

आठ मुली, माणशी ३५ लिटर धरू. तुमचे सहा धरून रोज चारशे लिटर गरम पाणी. त्याला सव्वानऊ युनिट, वर तीन गीझर दिवसभर चालू राहून नुसते पाणी गरम ठेवायला खातात ते एक-दोन. हीट पंपावर हेच अडीच-तीन युनिटांत होईल. दिवसाला सात वाचले तरी सत्तर रुपये. मुली पावसाळ्यातही गरम पाणी घेणार, म्हणजे वर्षाला आठ महिने धरा. सतरा हजारांच्या आसपास वाचतात. आता बोलण्यासारखं आहे.

पण २०० लिटरचं घेऊ नका. ५५ अंशांचं २०० लिटर गार पाण्यात मिसळून आंघोळीचं सव्वातीनशे लिटर होतं. तुम्हाला सकाळच्या अडीच तासांत चारशे पाहिजे, आणि हे मशीन गीझरसारखं पटकन तापवत नाही. ३०० लिटरचं घ्या. पैसे वाढतील, घासाघीस करा. तरी सात-आठ वर्षांत फिटेल.

फोडाफोडी मशीनमुळं होत नाही, पाइपमुळं होते. ३०० लिटरची टाकी भरली की सगळं मिळून चारशे किलोच्या घरात जाते. ती गच्चीच्या स्लॅबवर मधोमध ठेवू देऊ नका. मागं परसात काँक्रीटचा ओटा करा. तिथून गरम पाण्याची लाइन भिंतीच्या बाहेरून वर न्या, म्हणजे टाइल फोडायची गरज नाही, फक्त दोन बाथरूमच्या भिंतींना भोकं. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी प्लास्टिकचा पाइप आणि त्यावर काळ्या फोमची नळी. फोम उन्हात कुजतो, वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळायला लावा. प्लंबर "कशाला ताई" म्हणेल, ऐकू नका.

पाइप किती जाडीचा, ह्यात खरी गोम आहे. पाऊण इंची पाइपच्या १५ मीटरमध्ये चार लिटर पाणी बसतं. सकाळी नळ सोडला की तेवढं गार पाणी आधी वाहणार. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात हे बरं नाही. अर्धा इंची घेतला तर दोन लिटरच्या आत, पण गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर वरच्या मजल्यावर धार बारीक पडते. मी असतो तर वरपर्यंत पाऊण इंची आणि बाथरूमच्या फाट्याला अर्धा इंची टाकला असता. पहिलं गार पाणी बादलीत धरायला मुलींना सांगा.

क्षाराचं म्हणाल तर इथं गीझरपेक्षा बरं. कॉइल पाण्यात बुडालेली नसते, बऱ्याच मशीनमध्ये टाकीला बाहेरून गुंडाळलेली असते, आणि ५५ अंशांला थर सावकाश बसतो. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो टाकीऐवजी स्वतः झिजतो. तुमच्या पाण्यात तो दरवर्षी उघडून बघायचा. डीलरला विचारा, रॉड सोलापुरात मिळतो का आणि बदलायला माणूस येतो का. नीट उत्तर आलं नाही तर दुसरा डीलर बघा.

आणि जाळी. पूर्व भागात एका कारखान्याला बसवलं होतं, टॉवेलचे माग शेजारीच. कापसाचं तूस उडून मागची जाळी गोधडीसारखी झाली आणि मशीन बंद पडायला लागलं. तुमच्याकडं तूस नाही पण धूळ आहे, महिन्यातून एकदा ब्लोअर मारा.

जुळेसोलापूरची:
परसात जागा आहे, पण ती सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीखाली. आवाज किती येतो? आणि जुने गीझर काढायचेच का?

कॉम्प्रेसरवाला:
आवाज एसीच्या बाहेरच्या युनिटएवढा. दुपारी चालणार, पण त्यांची झोप दुपारीच असेल तर ओटा खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात घ्या आणि पायाखाली रबराचे पॅड टाका.

वरचा एक गीझर ठेवा, व्हॉल्व्ह टाकून. मशीन दुरुस्तीला गेलं तर आठ मुली तुमच्याच दारात येतील. मशीनच्या गार पाण्याच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) आणि टाकीला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा) आहे का बघा, आणि ह्या रिलीफ व्हॉल्व्हची नळी मोरीत सोडा, ओट्यावर नको. १९९४ ची वायरिंग आहे तर अर्थिंग आधी तपासा. मशीन गीझरच्या निम्मीच वीज ओढतं, लोडची अडचण येणार नाही, पण त्याला वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पाहिजे. डीलर "आहे त्या सॉकेटवर चालतंय" म्हणाला तर अजिबात ऐकू नका.