बेन जॉन्सनचा रोमचा विक्रम का पुसला?

प्रश्न: कॅनडाचा धावपटू जॉन्सन याचे सोल ऑलिंपिकमधल्या १०० मीटर शर्यतीतले ९.७९ सेकंद (१९८८) स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडल्याने बाद झाले, हे समजलं. पण १९८७ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेतल्या ९.८३ च्या विश्वविक्रमाचं काय? तिथे तर चाचणीत काहीच निघालं नव्हतं!

उत्तर १: कबुलीमुळे. १९८९ मध्ये खेळातल्या औषधसेवनाची चौकशी करणाऱ्या कॅनडातल्या डबिन आयोगापुढे जॉन्सनने शपथेवर सांगितलं, की १९८१ पासून स्टेरॉइड घेत होतो. मग रोमचं सुवर्ण अमेरिकेच्या कार्ल लुईसला मिळालं, आणि लुईसचे सोलमधले ९.९२ विश्वविक्रम ठरले.

उत्तर २: तेव्हा चाचण्या मुख्यतः स्पर्धेच्या दिवशीच होत. आधी पुरेसे दिवस औषध थांबवलं की लघवीत अंश उरत नसे, ताकद मात्र टिकायची. फार मोठी पळवाट होती ती.

उत्तर ३: पुढे १९९३ मध्ये जॉन्सनच्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) आणि एपिटेस्टोस्टेरॉन (शरीरातलंच त्याच्यासारखं दुसरं द्रव्य) यांचं प्रमाण ६:१ या मर्यादेपलीकडे गेलं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतल्याची खूण. दुसरा गुन्हा, म्हणून आजीवन बंदी.