दहाच्या पुढे पळताना नेमकी कशाची भीती होती?

ऑक्टोबरची तलखी ओसरली की पहाटेचं नागपूर पळणाऱ्यांचं होतं. सिव्हिल लाइन्स, फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्सचा चढ. यातली बरीच मंडळी दहा किलोमीटर गप्पा मारत पळतात आणि वर्षानुवर्षं दहावरच राहतात. एकवीसचं, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनचं, नाव काढलं की 'पुढल्या वर्षी बघू'. पायांत दम आहे हे सोबत पळताना दिसतंच, मग अडतं कुठे? 'स्वतःवर विश्वास ठेवा' छापाचं काही नको, ते टी-शर्टांवर पुष्कळ लिहिलेलं असतं. भीती कशाची होती आणि तिचं काय केलंत, तेवढं सांगा.

माझं थोडक्यात. मला २१.०९७५ या आकड्याचीच धास्ती होती. मी आकडा सोडला आणि दर रविवारी जरासं पुढे जाऊन परत यायला लागलो. जाताना पोचलो म्हणजे येणं भागच. रिक्षाचे पैसे मुद्दाम नेत नसे.

त्रिमूर्तीनगर, शाळेत शिकवते

सगळ्यांत शेवटी येण्याची भीती. मागून ती मागे राहिलेल्यांना उचलणारी गाडी येणार, स्वयंसेवक खुर्च्या उचलत असणार आणि मी एकटी रस्त्यावर. दीर तर गमतीत म्हणालेच, "वहिनी, स्कूटर घेऊन येऊ का न्यायला?" मग एका रात्री वह्या तपासून झाल्यावर हिशेब मांडला. तीन तासांची मुदत म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटं. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं केलं तरी माझी सरासरी पावणेआठच्या आसपास येत होती. शेवटच्या गाडीला मला गाठायचं तर मी वाटेत भाजी घ्यायला थांबायला हवं होतं!

पण एक गोष्ट वेगळी मांडते. सराव लांबवायचा तर पहाटे साडेचारला निघावं लागे. अंधार, निर्जन रस्ता, कुत्री. माझा सराव बाराच्या पुढे सरकत नव्हता त्याचं कारण हे होतं आणि लोक म्हणत होते, तुझ्यात आत्मविश्वास नाही. आम्ही तिघी एकत्र निघायला लागलो आणि तो 'आत्मविश्वास' पंधरवड्यात आला. १९२८च्या ऑलिंपिकनंतर बायकांची ८०० मीटर शर्यतसुद्धा झेपणार नाही म्हणून काढून टाकली होती, ती १९६०मध्ये परत आली. बायकांची मॅरेथॉन तर १९८४ला सुरू झाली. तेव्हा कोणाला काय झेपतं हे कोण ठरवतं, तेही बघावं.

सक्करदरा, बुटीबोरीत शिफ्ट ड्यूटी

भाऊ, माझं अलगच होतं. मले पळाची भीती नव्हती, पळणाऱ्या लोकायची होती. सगळ्यायच्या हातात ते घड्याळ, पायात दहा-दहा हजाराचे जोडे, अन् बोलणं काय तर पेस, कॅडन्स, व्हीओटू मॅक्स. मी म्हटलं, आपलं इथं काय काम बे? घरी बायको म्हणे, "तुमाले पळाचं आहे का त्यायच्यासंग बोलाचं आहे?"

मंग एकटाच रेशीमबागच्या मैदानावर चकरा मारत राहिलो. पंधरा किलोमीटर झाले त्या दिवशी पोह्यावर डबल तर्री मारली. शर्यतीत घड्याळवाले सुरुवातीलेच भन्नाट सुटले. सोळाच्या पुढं त्यातले कितीतरी चालताना सापडले. मी कोणाले काही म्हटलं नाही, पण बरं वाटलं, खोटं काहून बोलू. पहिले पाच किलोमीटर लाज वाटंल इतके हळू पळा. मले हेच कामी आलं.

प्रतापनगर, निवृत्त

साठीला टेकल्यावर पूर्ण मॅरेथॉन. माझ्याकडे दोन शंका होत्या आणि त्या एकत्र कालवल्या गेल्या होत्या. एक, हृदय साथ देईल का? ही डॉक्टरांकडे न्यायची शंका. ट्रेडमिलवरची तपासणी केली, रक्तदाब पाहिला, मोकळा झालो. ज्यांचं वय आहे त्यांनी ही शंका मनाची ताकद वगैरे लावून दाबू नये.

दुसरी शंका चिवट. सरावाच्या बहुतेक वेळापत्रकांत सर्वांत लांब पल्ला तीस-बत्तीस किलोमीटरचा असतो. त्याहून जास्त केलं तर शरीर भरून यायला फार दिवस लागतात. शिवाय शेवटचे दोन-तीन आठवडे सराव कमीच करायचा. म्हणजे ४२.१९५ पैकी शेवटचे दहा किलोमीटर तुम्ही आयुष्यात कधी पळलेलेच नसता, आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपत येतं तेही साधारण तिथेच. मग शंका येणार नाही तर काय? मला हे कळल्यावर फार बरं वाटलं. ती माझ्या स्वभावातली खोट नव्हती, योजनेतच सोडलेली जागा होती.

लोक चेक धावपटू एमिल झाटोपेकचा दाखला देतात. १९५२ला हेलसिंकीत आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन पळाला आणि सुवर्णपदक घेऊन आला. अहो, त्याच ऑलिंपिकात त्याने आधी पाच हजार आणि दहा हजार मीटर जिंकले होते! त्याच्याकडून मी काय दिलासा घ्यायचा? मला दिलासा दर अर्ध्या तासाने खाल्लेल्या खजुराने दिला. पस्तीसनंतर पुष्कळ चाललो. पूर्ण केली.

मनीषनगर

अजून दहावरच आहे. वाचतोय.

धरमपेठ

थोडं उलट लिहितो. मी शंकेचं ऐकलं. शर्यत तोंडावर आली आणि नडगी दुखायला लागली. सोबतचे म्हणाले, आयत्या वेळी सगळ्यांनाच असं होतं, मनाचे खेळ. पण हाडावर एका ठिकाणी बोट दाबलं की कळ जायची, आणि ती जागा नाण्याएवढीच. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर बहुधा स्नायूंचा ताण. असं एका बिंदूत असेल तर दाखवून या. माझं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, निघालं. नाव मागे घेतलं, पुढच्या हिवाळ्यात पळालो. त्या सकाळीही शंका होतीच, फक्त नडगी दुखत नव्हती.

मनीषनगर

पुन्हा मीच. पहाटे काही खाऊन निघायचं की उपाशी? आणि पाणी किती?

त्रिमूर्तीनगर

लांब पळायचं असेल तर केळं किंवा ब्रेड-जॅम, तासभर आधी. पाणी तहानेप्रमाणे. घाबरून प्रत्येक टेबलावर घटाघटा पिऊ नका, रक्तातलं सोडियम उतरतं. आणि नवीन काही शर्यतीच्या दिवशी नको.

सक्करदरा

मनीषनगरवाले भाऊ, रविवारी सुट्टी आहे माही. पाच वाजता जपानी गार्डनपाशी या. बारा करू, जमलं तर चौदा. घड्याळ आणाचं नाही.