चुंबकी नॅनोकणांचं इमेजिंग: उंदरातच अडकलंय का?

पारंबी: 2005 साली हॅम्बुर्गच्या फिलिप्स प्रयोगशाळेतून ग्लाइश आणि वाइत्सेनेकर यांनी मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग (एमपीआय) मांडलं. लोह ऑक्साइडचे नॅनोकण रक्तात सोडायचे आणि चुंबकी क्षेत्रात एक बिंदू शून्य ठेवायचा. बाकीचे कण क्षेत्राने जखडलेले असतात, त्या बिंदूपाशी असलेलेच बदलत्या क्षेत्राला साथ देतात, आणि त्यांचा तो प्रतिसाद, म्हणजेच संदेश (सिग्नल), यंत्र टिपतं. बिंदू सरकवत नेला की चित्र. क्ष-किरण नाहीत, रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचतात ते आयोडीनचं द्रावणही नाही. पक्षाघाताच्या रुग्णाच्या मेंदूत रक्त कुठवर पोचतंय हे खाटेपाशीच पुन्हा पुन्हा बघता येईल. पैसा इथे ओतायला हवा.

कोरडा_काथ्या: सहमत नाही. 2009 मध्ये उंदराचं धडधडतं हृदय दिसलं, आनंद आहे. पण उंदीर मुठीत मावतो. माणसासाठी तितकीच तीक्ष्णता हवी तर चुंबक अवाढव्य आणि वीजही तशीच. वर क्षेत्र झपाझप बदललं की नसा चाळवतात, अंगाला मुंग्या येतात. ती मर्यादा भौतिकशास्त्राची नाही, आपल्या शरीराची.

पारंबी: म्हणून तर आधी फक्त डोकं! 2019 मध्ये हॅम्बुर्गच्याच गटाने माणसाच्या डोक्याच्या मापाचा स्कॅनर दाखवला.

कोरडा_काथ्या: दाखवला, आत कृत्रिम नमुना ठेवून. डोकं नव्हतं त्यात.

सावली_वाचक: दोघांचंही एक राहिलं. एमपीआयमध्ये ऊती दिसतच नाहीत. काळा पडदा आणि त्यावर एक उजळ ठिपका. तो कुठल्या रक्तवाहिनीत आहे ते कळायला शेजारी सीटी किंवा एमआरआय लागतोच. तरी मला हा गुणच वाटतो. एमआरआयमध्ये हेच लोहकण बहुतेकदा काळा डाग बनून येतात. जुना रक्तस्राव काळा, फुफ्फुसातली हवाही काळी. मग कण कुठला, ओळखा पाहू! इथे उजेड आहे म्हणजे कण आहे, आणि जितके कण तितका उजेड. शरीरात सोडलेल्या मूळपेशी पुढे कुठे गेल्या हे शोधणाऱ्याला याची किंमत विचारा.

पारंबी: +1. शिवाय लोह शरीराला परकं नाही. यकृत-प्लीहा हे कण पचवतात, लोह साठ्यात जातं. मूत्रपिंडं थकलेल्यांना आयोडीन देताना डॉक्टर दहादा विचार करतात.

कोरडा_काथ्या: फेरुमॉक्सिटॉल हे लोहाचंच औषध, रक्तक्षयासाठी मंजूर. त्यावर 2015 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) जीवघेण्या ॲलर्जीचा चौकटीतला इशारा छापायला लावला. आणि एमपीआयसाठी त्याचा संदेश क्षीणच. संदेश चांगला देणारं रेझोव्हिस्ट, एमआरआयसाठी बनवलेलं लोहकणांचं द्रावण, युरोपच्या बाजारातून कधीच गेलं. ठिपक्याचं कौतुक मान्य, पण उद्या रुग्ण समोर आला तर सिरिंजमध्ये काय भरणार?