मदत हवी आहे : दाताच्या खुर्चीत आईला काय ऐकवावं?

नमस्कार मंडळी. आईचं पुढच्या आठवड्यात रूट कॅनाल आहे, इथेच इंदूरला. दुखण्यापेक्षा तिला भीती त्या मशीनच्या चिरक्या आवाजाची. बाहेर बाकावर बसल्या बसल्या तो कानावर आला की तळहात घामेजतात, पर्सचा बंद पिळत राहते. डॉक्टर समजूतदार आहेत. हेडफोन चालेल म्हणाले. काही लागलं तर डावा हात वर करायचा, असं ठरलंय.

आवाज दाबणारे हेडफोन पंख्याची घरघर छान अडवतात, पण ड्रिलची शिट्टी बारीक, शिवाय ती जबड्याच्या हाडातूनही कानात पोचते. मग लावावं काय? आई शास्त्रीय गायक अमीर खाँसाहेबांची भक्त. त्यांचा झूमरा तालातला अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीचा ख्याल श्वास संथ करायला उत्तम, असं मला मनापासून वाटतं. पण मधल्या शांत जागांत मशीन जास्तच ऐकू येईल का? त्यापेक्षा सलग तानपुरा बरा? भुलीच्या इंजेक्शनात अनेकदा अ‍ॅड्रिनलिन असतं, त्याने थोडा वेळ छातीत धडधडतं. गाणं त्याच्या आधीच सुरू करावं ना? आणि डोकं मागे टेकल्यावर मोठे हेडफोन सरकतात का?

कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. ती आत्तापासूनच नीट जेवत नाहीये.