विंडोज ७ वर नेट वापरायचंच असेल तर फायरफॉक्स ११५ ईएसआर, दुसरं काही नको

अक्षरजुळणी:
डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या, कितीतरी दुकानांत विंडोज ७ अजून सुरू आहे. पानं जुळवायचं पेजमेकर आणि मराठी फाँटच्या श्री-लिपीचं जुनं डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) त्यावरच चालतं, आणि लग्नपत्रिकेचा मजकूर, फोटोही मेलने त्याच मशीनवर उतरतात. तिथे क्रोम ठेवू नका. विंडोज ७ साठी ते १०९ वर थांबलं, म्हणजे जानेवारी २०२३. त्याच सप्टेंबरात वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या, ब्राउझरांत वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडात) असा दोष निघाला की पानावर नुसतं चित्र आलं तरी हल्लेखोराचा कोड चालू शकतो. फायरफॉक्सने तो ११५.२.१ मध्ये बुजवला. ११५ ही ईएसआर, म्हणजे नव्या सोयी न देता जास्त काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती. तिची मुदत सप्टेंबर २०२४ पर्यंतच होती, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ती पुन्हा पुन्हा वाढवली.

बसवण्याआधी विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ (एकत्रित अपडेट) हवाच. मग मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून आधी केबी४४९०६२८, नंतर केबी४४७४४१९ हे अपडेट. नाहीतर एसएचए-२ या नव्या पद्धतीची डिजिटल सही असलेले इन्स्टॉलर अडतात. फायरफॉक्सची प्रत ११५.१३ किंवा पुढचीच घ्या. ॲड-ऑन खरे आहेत का हे फायरफॉक्स ज्याच्यावरून तपासतं ते जुनं रूट सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलं, ११५.१३ च्या आधीच्या प्रतींत ॲड-ऑन बंद पडतात आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिनही हातचं जातं.

रिंगझिरो:
साफ असहमत. वर ब्राउझर ताजा, पण खाली विंडोजला जानेवारी २०२० पासून पॅच (सुरक्षेची दुरुस्ती) नाही. पैसे भरलेल्यांचेही जानेवारी २०२३ मध्ये संपले. सँडबॉक्स, म्हणजे पानाला कोंडून ठेवणारं ब्राउझरचं कुंपण, शेवटी कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्याच भरवशावर असतो. पान दाखवणाऱ्या प्रोसेसला विन३२के (गाभ्यातला खिडक्या नि चित्रं सांभाळणारा भाग) कडे जाण्यापासून पूर्ण रोखायची सोय विंडोज ८ मध्ये आली, ७ मध्ये ती नाहीच. ब्राउझरमध्ये एक भोक आणि विन३२के मध्ये दुसरं, की अख्खं मशीन गेलं. आणि एसएमबी १ (फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू असून मार्च २०१७ चा एमएस१७-०१० पॅच नसेल, तर वॉनाक्रायसारख्या, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला ब्राउझर लागतही नाही, लॅनवरून (दुकानातल्या नेटवर्कवरून) थेट शिरतो. नेटची केबल काढा. मेल दुसऱ्या मशीनवर उघडा, फाइल पेनड्राइव्हने आणा.

जुनी_मशीन:
सुपरमियम या ब्राउझरचं नाव कुणीच कसं घेत नाही? क्रोम ज्यावर बनतं त्या नव्या क्रोमियमवर बेतलेलं आहे, विंडोज एक्सपीवरही चालतं. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या नव्या सोयींपैकी नेस्टिंग फायरफॉक्सला ११७ मध्ये आलं, ‘हॅज’ सिलेक्टर १२१ मध्ये. म्हणजे ११५ वर नव्या साइटींचे मेनू विस्कटणार, बटणं दिसणार नाहीत. मग माणूस वैतागून परत क्रोम १०९ कडेच वळतो.

अक्षरजुळणी:
@जुनी_मशीन, साइटी विस्कटतात हे खरं. पण सुपरमियम मुख्यतः एका माणसाच्या मेहनतीवर उभं आहे. क्रोमियममधला दोष जाहीर झाला की तिथे दुरुस्त प्रत येईपर्यंतचे दिवस धोक्याचे. वापरायचंच तर आवृत्तीचा आकडा दर आठवड्याला चालू क्रोमशी ताडून बघा. बँकेचा पासवर्ड मात्र या मशीनवर कुठल्याच ब्राउझरमध्ये टाकू नये.

@रिंगझिरो, गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवरून येणारा शॉर्टकट व्हायरस (फाइली लपवून त्यांच्या जागी खोटे शॉर्टकट ठेवणारा) विसरलात का? केबल काढली की तोच रस्ता वाढतो.

रिंगझिरो:
गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह ७ ला लावायचाच नाही. त्याच मशीनला वेगळी एसएसडी (डिस्क) लावून तिच्यावर लिनक्स मिंट एक्सएफसीई ही विंडोजऐवजी चालणारी हलकी, मोफत प्रणाली टाका: ६४ बिट प्रोसेसर, किमान २ जीबी रॅम, ४ असेल तर निवांत. मेल, फोटो, पेनड्राइव्ह सगळं तिथे.

अक्षरजुळणी:
दर प्रूफला रीबूट? गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना ते होत नाही. मिंटला स्वतंत्र जुना पीसी मिळत असेल तर तुमचं म्हणणं मान्य. नसेल तर माझा आग्रह कायम: ब्राउझर ॲडमिन नव्हे, स्टँडर्ड खात्यातून चालवा आणि सेटिंगमध्ये एचटीटीपीएस-ओन्ली मोड (फक्त सुरक्षित जोडणीच्या साइटी उघडणारा) लावा. ‘सर्टिफिकेट चुकीचं’ असं सगळ्याच साइटींवर आलं तर ‘धोका पत्करा’ दाबू नका, आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सीआर२०३२ सेल संपला की मशीन कित्येक वर्षं मागची तारीख धरतं.

जुनी_मशीन:
आणि ११५ ची दुरुस्ती थांबली हे कळणार कसं?

अक्षरजुळणी:
मदत मेनूत ‘फायरफॉक्सविषयी’. नवी ईएसआर साधारण दर चार आठवड्यांनी येते. दोन महिने आकडा हलला नाही, तर रिंगझिरोंचं ऐकून केबल काढायची.