पुण्याला बिऱ्हाड हलवताय? दोन लाख रोख नसतील तर थांबा

वडगावचा_सीएनसी

गेल्या जूनमध्ये आम्ही बेळगावच्या वडगावातनं पुण्याजवळ मोशीला आलो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौदा वर्षं सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) काढली, शेवटचा पगार 31,000. चाकणला 46,000 मिळाले, निघालो. आता गल्लीतली पोरं फोन करतात, "दादा, किती पैसे लागतील?" एकेकाला सांगून घसा बसला म्हणून इथं लिहितोय. माझं मत असं, की दोन लाख रोख हातात असल्याशिवाय बायकापोरं घेऊन कुणी निघू नये.

मी 75,000 धरले होते. बायकोनं वही ठेवली, तिच्यात बेरीज आली 1,84,500.

सगळ्यात मोठा घास घराचा. भाडं 14,000. डिपॉझिट तीन महिन्यांचं, 42,000. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ आणि एजंटाला आणखी एक महिन्याचं. म्हणजे किल्ली हातात पडायच्या आधी 70,000 गेले. वर 11 महिन्यांचा करार नोंदवायला 2,500. (करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. पैसे कुणाच्या खिशातनं जातात ते विचारू नका.)

घर बघायला तीन फेऱ्या, 6,000. टेम्पो 22,000. आधी 16,000 ठरला होता, माल चढल्यावर "टोल वेगळा, तिसरा मजला वेगळा" सुरू झालं. दोन्हीकडची हमाली 5,000. पंखे, गीझर, पाण्याचा फिल्टर, पडदे यांत 18,000. भाड्याच्या घरात नुसत्या भिंती मिळतात हे आम्हाला कुठलं ठाऊक, जन्म स्वतःच्या घरात गेला. मुलीच्या शाळेचे 33,000. त्यातही आपल्याकडच्या शाळा मे अखेरीस उघडतात आणि इकडच्या जूनच्या मध्यात, त्यामुळे बेळगावात वह्या-पुस्तकं, गणवेश घेऊन झाला होता. तो गाठोड्यातच आहे.

पगाराची गंमत कुणी सांगत नाही. 10 जूनला रुजू झालो. कंपनीचा हिशेब 20 तारखेला बंद होतो, म्हणून 7 जुलैला दहाच दिवसांचे पैसे आले. पूर्ण पगार बघायला 7 ऑगस्ट उजाडला. तोवर घरखर्चाला शिलकीतले 28,000 गेले. शेवटी 60,000 क्रेडिट सोसायटीतनं कर्जाऊ उचलले, ते अजून फेडतोय.

टिळकवाडीची_खातेवही

तुमची बेरीज बरोबर आहे, पण खर्च या शब्दाचा अर्थ चुकलाय. आयुष्यभर हिशेब लिहिण्यात गेलं म्हणून राहवत नाही.

डिपॉझिट हा खर्च नव्हे, ते तुमचंच घरमालकाकडे ठेवलेलं येणं. 28,000 चं तुम्ही जेवलात, ते वडगावात उपाशी बसला असतात काय? ही दोन्ही काढा, उरतात 1,14,500. गीझर-पंखे तुमच्या मालकीचे, उद्या घर बदललंत तर बरोबर येतील. तेही काढले तर 96,500. तुमचा पहिला अंदाज होता 75,000. म्हणजे चूक झाली ती 21,500 ची, आणि तुम्ही लोकांना सांगताय दोन लाख! हा आकडा ऐकून उद्यमबागेतली अर्धी पोरं जागची हलायची नाहीत.

वडगावचा_सीएनसी

काका, वहीत ते येणं असेल. 10 जूनला मोशीच्या दूधवाल्याला वही दाखवून दूध मिळत नाही. आणि डिपॉझिट परत येताना रंगकाम, साफसफाई म्हणून किती कापतील ते तेव्हाच कळणार.

टिळकवाडीची_खातेवही

मग असं लिहा की दोन लाखांची *सोय* पाहिजे, त्यातला निम्म्याच्या आसपास *खर्च* आहे. या दोन ओळी वेगळ्या लिहिल्या असत्या तर सोसायटीचं कर्ज फक्त डिपॉझिटपुरतं काढलं असतं आणि घर सोडताना तिथंच फेडलं असतं.

लोंढा_जंक्शन

एवढा हिशेब कशाला ओ. आमच्या खानापूरकडची पोरं एक बॅग घेऊन जातात. भोसरीत कॉट बेसिसवर एक कॉट घ्यायची, मेसचा डबा लावायचा, सहा महिने एकट्यानं राहायचं. कंपनी टिकतीय का, सुपरवायझर कसा हाय, हवापाणी मानवतंय का बघायचं, मग बायकोला न्यायचं. दहा-बारा हजारांत माणूस पुण्यात उभा राहतोय. तुम्ही पहिल्याच दिवशी कपाट, कॉट, देव्हारा सगळं घेऊन निघाला, त्याला पैसे लागणारच की.

काकतीवेस

लोंढा, तुझं "सहा महिने" ऐकलं आणि आमचे बाबा आठवले. तेही सहा महिन्यांसाठीच मुंबईला गेले होते. लालबागला गावकीच्या खोलीत, एका खोलीत इतकी माणसं की पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. 1982 च्या संपात गिरणी सुटली तेव्हा ते परत आले, तोवर मी चौथीत होतो आणि त्यांना "अहो काका" म्हणायचो. एकटं राहणं स्वस्त पडतं हे खरं, पण तो खर्च दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडतो.

आणि नुसत्या पैशाचं बघायचं तरी दोन चुली चालवणं स्वस्त नसतं. मेसचे पैसे, कॉटचे पैसे, दर पंधरा दिवसांनी बेळगावची फेरी. पुणे-बेळगाव तीनशे चाळीस किलोमीटरच्या आसपास. गणपतीत, दिवाळीत खाजगी बसचं तिकीट बघितलंस काय? हुबळी-पुणे वंदे भारत 2024 पासून बेळगावला थांबते, खरं ती रोज नाही, आणि कामगाराला सोयीची असते ती शनिवारी रात्रीचीच गाडी.

लोंढा_जंक्शन

ते दिवस गेले ओ काकतीवेस. आता व्हिडिओ कॉल हाय.

काकतीवेस

व्हिडिओ कॉलवर पोरगं कडेवर घे बघू.

निपाणी_टू_बंगळूर

सगळ्यांना पुणेच का दिसतं? मी निपाणीचा, घरात मराठी, शाळेत कन्नड शिकलो, बंगळूरला येऊन नऊ वर्षं झाली. राज्य बदललं नाही म्हणून रेशनकार्ड तेच, गाडीचा नंबर तोच, मुलांची शाळा त्याच राज्याच्या नियमात.

वडगावकर, तुम्ही मोटारसायकल नेली असेल तर तिचा हिशेब वहीत दिसत नाही. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नव्यानं नोंदणी करावी लागते. आधी बेळगावच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, मग तिकडचा रस्ता कर, मग इकडे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी पुन्हा बेळगाव. केए 22 ची पाटी घेऊन जूनमध्ये गेलात, म्हणजे मुदत जवळ आली.

हिंडलग्याचा_पाव्हणा

बंगळूरचं गुणगान पुरे. डिपॉझिट किती दिलंत ते सांगा.

निपाणी_टू_बंगळूर

सांगतो की, लपवायचं काय. 2016 ला 11,000 भाडं आणि दहा महिन्यांचं डिपॉझिट, 1,10,000. आता पाच-सहा महिन्यांवर तयार होणारे मालक भेटतात, तरी पुण्याच्या दुप्पट धराच. पहिलं घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापून घेतलं, ती इथली रीतच आहे. आणि गाव साडेपाचशे किलोमीटरच्या वर लांब, हेही कबूल. खरं आपल्याकडं बंगळूरला निघालेल्या माणसाला लोक "तिकडं गेला" म्हणतात, हे मला पटत नाही. पोट कुठल्या राज्यात भरायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

वडगावचा_सीएनसी

मोटारसायकल आणलीय. बारा महिन्यांचं डोक्यातच नव्हतं. दहा वर्षांची गाडी आहे, नोंदणीला घालण्यापेक्षा दसऱ्याला येताना मेव्हण्याला देऊन टाकीन म्हणतो.

निपाणी_टू_बंगळूर

दसरा कसला? जूनला बारा महिने भरतात!

शहापूरचे_सर

मला त्या 33,000 बद्दल बोलायचंय. मुलगी कितवीत, आणि कोणत्या माध्यमात घातली?

वडगावचा_सीएनसी

नववी. वडगावात मराठी माध्यमात होती, इथं सेमी-इंग्रजीला घातली, सर. खाजगी शाळा. प्रवेश 24,000, बाकी गणवेश, पुस्तकं, रिक्षा.

शहापूरचे_सर

रागावू नका, पण बेळगावात मराठी शाळा टिकावी म्हणून आपण मोर्चात जातो, आणि जिथं मराठी शाळा फुकट आहेत त्या महापालिकेचा उंबराही चढत नाही. नववीला पटकन जागा मिळत नाही हे मला माहीत आहे, तरी चौकशी केली होती काय?

दुसरं जास्त महत्त्वाचं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा गट असतो. त्यासाठी शिक्षण सीमाभागातल्या संस्थेत झालेलं लागतं. उलट महाराष्ट्राचा अधिवास दाखला काढायला साधारण पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. तुमची मुलगी जन्मली बेळगावात, दहावी देणार पुण्यात. पुढं ती नेमक्या कुठल्या गटात बसणार, हे प्रवेशाची माहितीपुस्तिका घेऊन आत्ताच बघा. सरकारी जागा आणि मॅनेजमेंटची जागा यांच्या फीमध्ये जो फरक असतो, त्यापुढं तुमच्या टेम्पोचे 22,000 काहीच नाहीत. दोन वर्षं थांबून दहावी इथंच करून गेला असतात तर बरं झालं असतं, असं माझं मत.

वडगावचा_सीएनसी

सर, दोन वर्षं चाकणची जागा थांबली नसती. बाकी तुम्ही म्हणता ते बघतो. शाळेची चौकशी केली नव्हती, खोटं कशाला बोलू.

खासबागेची_लेक

एवढे सगळे पुरुष हिशेब मांडताहेत, कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. दादा, वैनी वडगावात काय करत होत्या?

वडगावचा_सीएनसी

घरात ब्लाऊज शिवायची. फॉल-पिको. लग्नसराईत रात्री बारा-बारापर्यंत.

खासबागेची_लेक

महिन्याला किती?

वडगावचा_सीएनसी

सरासरी 6,000 पडायचे.

खासबागेची_लेक

मग वहीत ते कुठं आहेत? पगार वाढला 15,000. वडगावचं घर स्वतःचं, मोशीत भाडं 14,000. राहिले 1,000. त्यातनं वैनींचे 6,000 वजा करा. म्हणजे दर महिन्याला 5,000 नं तुम्ही मागं आलात. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 त्यांच्या नावावर असतील तर तेही गेले. 200 युनिटांपर्यंतची गृहज्योतीची फुकट वीज गेली, बसचा फुकट प्रवास गेला. तिकडं जाताना "लाडकी बहीण मिळेल की" असं कुणी सांगितलं असेल, तर तिथं महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा मागतात हेही सांगायला पाहिजे होतं.

टेम्पो एकदा जातो ओ. हे दर महिन्याला जातंय.

वडगावचा_सीएनसी

गृहलक्ष्मी आईच्या नावावर आहे, रेशनकार्डावर तीच कुटुंबप्रमुख. ती वडगावातच राहते, म्हणून ते चालू आहे. घर भाड्यानं द्या म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर, आई आहे.

5,000 चं मात्र तुम्ही म्हणता तसंच आहे. मी कधी असं मांडून बघितलं नव्हतं. काकांनी खर्च-येणं शिकवलं, तेव्हाही डोक्यात आलं नाही. पुढच्या वर्षी पगार वाढेल, ओव्हरटाइम आहे, मशीनही उद्यमबागेपेक्षा नव्या आहेत, तेवढ्यावर आलो.

टिळकवाडीची_खातेवही

ताईंचा मुद्दा माझ्याही नजरेतून सुटला. तुटलेली मिळकत खर्चाच्या वर लिहायला हवी होती.

लोंढा_जंक्शन

वैनींनी तिकडं शिवायला सुरू करावं की. मोशीत बायका ब्लाऊज घालत नाहीत काय?

खासबागेची_लेक

गिऱ्हाईक टेम्पोत भरून नेता येत नाही, लोंढा भाऊ. वडगावात माप न घेता शिवून देतात, कारण दहा वर्षांची माहिती असते. नव्या सोसायटीत पहिली चार ब्लाऊज फुकटच्या भावात शिवावी लागतील. तरी सुरू करायलाच पाहिजे. दादा, मशीन नेलं ना?

वडगावचा_सीएनसी

नाही. टेम्पोत जागा नव्हती. कपाट घेतलं आणि मशीन वडगावात ठेवलं.

खासबागेची_लेक

कपाट घेतलं!

वडगावचा_सीएनसी

लग्नातलं होतं म्हणून. तिसऱ्या मजल्यावर चढवायला त्या एका कपाटाचे 800 घेतले.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतोय, रविवारी परत. पायाचं मशीन आहे, स्टँडसकट. बसच्या डिकीत टाकायचे किती घेतात, कुणाला माहीत आहे काय?

काकतीवेस

गाडी लागायच्या आधी ड्रायव्हरशी बोल. डिकी उघडल्यावर बोललास तर दुप्पट सांगतो. आणि स्टँड वेगळं सोडव, वरचं डोकं चादरीत गुंडाळून मांडीवर घे.