नावं बदलली, पण नुसती नावं नाही

काहीजण म्हणतात की आयबीएमने मेनफ्रेमला, म्हणजे बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या अवजड कामाच्या संगणकांना, फक्त नवनवी नावं दिली, आत सगळं तेच जुनं. अर्धं पटतं, अर्धं नाही. ७ एप्रिल १९६४ ला सिस्टम/३६० आली, ३६० म्हणजे वर्तुळाचे सगळे अंश, काम ऑफिसचं असो की शास्त्रज्ञांचं, एकाच घराण्यातलं लहानमोठं मशीन घ्या आणि तोच प्रोग्राम चालवा, त्या काळी ही फार मोठी उडी होती. मग ३७०, १९९० ला ३९०, आणि २००० साली झेड-सिरीज, झेड म्हणजे झिरो डाऊनटाइम. त्यानंतर सिस्टम झेड, झेडएंटरप्राइज, आता नुसतं आयबीएम झेड, हा नावांचा घोळ मलाही आवडत नाही. पण आत काहीच बदललं नाही हे चूक आहे: मेमरीतली जागा दाखवणारा अ‍ॅड्रेस २४ बिटचा ३१ झाला, मग ६४, आणि नव्वदच्या दशकात वेगवान पण खूप वीज खाणाऱ्या बायपोलर चिप सोडून कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिपवर गेले ते तर धाडसच.

आणि जे जुनं टिकवलंय त्याचं मला मनापासून कौतुक आहे. मी कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत काम करत होतो तेव्हा रात्री आपोआप चालणारी कामं, म्हणजे बॅच, मध्येच बंद पडली की बऱ्याचदा 'सॉक सेव्हन' (S0C7) हा एरर कोड दिसायचा, डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल, उघडला की आकड्याच्या फील्डमध्ये कुठूनतरी स्पेस शिरलेल्या असायच्या, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, ४०४०४०, कारण तिथे स्पेसचा कोड ४० असतो. एरर कोडातला तो ७ म्हणजे डेटा एक्सेप्शन, आकड्याच्या जागी आकडा नसलेलं काहीतरी सापडणं, हा कोड ३६० पासूनचा आहे आणि आजच्या झेड१७ या मशीनवरही तोच येतो.